‘कारकुनी’ भौतिकशास्त्राची वकिली

‘कारकुनी’ हा शब्द मराठीत शिवीसारखा कधीपासून वापरला जाऊ लागला, याचा शोध एखाद्या भाषाशास्त्रज्ञाने घ्यायला हवा. डोके न लावता केलेले, कल्पकतेचा वारा न लागलेले, वरचा कागद खाली आणि खालचा वर सरकवणारे जे काही असेल ते कारकुनी! मी गेली वीसेक वर्षे सरकारी खात्याच्या लेखा विभागात कारकुनीच करते आहे, त्यामुळे ही शिवी मला अंगवळणी पडली आहे. पण अलीकडे ती चक्क भौतिकशास्त्राला दिलेली ऐकली आणि राहवले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

निमित्त असे. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी यंदा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली. तिला पीएच.डी. करायची आहे आणि विषयही तिने ठरवला आहे : काच. खिडकीला लावतो तीच. काच हाताला घट्ट लागते, पण तिच्या आतले अणू द्रवासारखे विस्कळीत असतात. द्रव थंड होता होता स्फटिक न बनता असा जागच्या जागी थिजतो तो नेमका का, हे कोडे अजून पुरते सुटलेले नाही. बंगळुरूचे जवाहरलाल नेहरू केंद्र, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हैदराबादचे केंद्र अशा ठिकाणी यावर काम चालते. पण आमची मुलगी हे काम भट्टी पेटवून करणार नाही, संगणकावर करणार. हजारो अणू आकड्यांच्या रूपाने संगणकात सोडायचे, न्यूटनचे नियम लावायचे आणि ते कसे वागतात ते पाहायचे.

आमच्याकडे मुलीने शिकावे की नाही यावर आता वाद होत नाही, हे चांगलेच आहे. पण काय शिकावे यावर अख्ख्या वाड्याचे मत घेतले जाते. तशी तीन मते आली.

पहिले मत एका निवृत्त प्राध्यापकांचे : “संगणकावरचे भौतिकशास्त्र म्हणजे कारकुनी. ज्यांना गणित झेपत नाही आणि प्रयोगात हात चालत नाही, ते तिथे जातात.” दुसरे भावोजींचे : “घेऊ दे, घेऊ दे. नाहीच जमले तर आयटीत नोकरी तरी मिळेल.” तिसरे कंपनीत संगणकाचे काम करणाऱ्या एका चुलतभावाचे : “पाच वर्षांनी हे सगळे एआयच करणार, कशाला फुकट घासतेस?”

माझ्या मते तिन्ही चूक आहेत. आणि सर्वांत घातक आहे ते दुसरे, कारण ते प्रेमाने दिलेले आहे.

आता कोणी म्हणेल, मराठी घेऊन बी.ए. झालेल्या बाईने भौतिकशास्त्रात नाक का खुपसावे? रास्त प्रश्न. समीकरणे मला सोडवता येत नाहीत. पण इथे वाद समीकरणाचा नाहीच. वाद आहे तो आकडेमोडीला आपण काय किंमत देतो याचा. आणि आकडेमोड म्हणजे काय, हे मला त्या प्राध्यापकमहाशयांपेक्षा थोडे अधिक ठाऊक असावे.

सुरुवात शब्दापासून करू. मराठीत या विषयाला ‘संगणकीय भौतिकशास्त्र’ म्हणतात आणि निम्मा घोटाळा तिथेच होतो. ऐकणाऱ्याला वाटते, हे संगणकाचे शास्त्र. खरे तर हे गणनेचे शास्त्र आहे, ‘गणनात्मक’ म्हटले असते तर बरे झाले असते. दुर्बीण हे खगोलशास्त्राचे साधन, पण म्हणून खगोलशास्त्राला कोणी ‘दुर्बिणीचे शास्त्र’ म्हणत नाही. इथे मात्र साधनच विषय होऊन बसले आणि मग “कॉम्प्युटरच शिकायचा तर फिजिक्स कशाला?” असे लोक विचारू लागले.

‘कॉम्प्युटर’ हा शब्द यंत्राला लागण्याआधी माणसांना लागत असे. तो हुद्दा होता, माझ्या हुद्द्यासारखाच. राधानाथ सिकदार १८३१ साली त्रिकोणमितीय सर्वेक्षणात ‘कॉम्प्युटर’ म्हणून लागले. हिमालयातल्या ‘शिखर क्रमांक १५’ ची उंची १८५२ च्या सुमारास त्यांच्या गणिताने जगात सर्वाधिक ठरली. ते शिखर त्यांनी चढून पाहिले नव्हते. दूरदूरच्या ठाण्यांवरून घेतलेले कोन, हवेत वाकणारा प्रकाश, पृथ्वीची गोलाई यांचा हिशेब त्यांनी कागदावर जुळवला. पुढे शिखराला नाव मिळाले ते एव्हरेस्टसाहेबांचे. कारकुनी म्हणतात ती हीच.

मुद्दा क्रमांक एक : संगणकावरचे भौतिकशास्त्र म्हणजे आधीच माहीत असलेल्या उत्तराची नुसती बेरीज, हा समज. १९५७ साली आल्डर आणि वेनराइट या दोघांनी एक साधा प्रश्न संगणकाला घातला. समजा, अणू म्हणजे नुसत्या कडक गोट्या आहेत. एकमेकांवर आपटतात, पण एकमेकांना ओढत मुळीच नाहीत. अशा गोट्या दाटीवाटीने भरत गेले तर त्यांचा आपोआप सुव्यवस्थित स्फटिक बनेल का? ओढ नाही तर बांधणी कशी होणार, असे अनेक मोठमोठ्या सिद्धांतकारांना वाटत होते. त्याच वर्षी एका परिषदेत उलेनबेक यांनी यावर चक्क मतदान घेतले आणि मते जवळजवळ समसमान पडली! ग्रामसभेत होते तसे. संगणकाचे उत्तर मात्र स्पष्ट होते : स्फटिक बनतो. पुसी आणि व्हॅन मेगन यांनी १९८६ साली सूक्ष्म गोळ्यांच्या मिश्रणात हे प्रत्यक्ष प्रयोगशाळेत दाखवले. म्हणजे प्रयोग गणनेच्या मागून आला आणि तोही २९ वर्षांनी. आता सांगा, यात गणित न झेपणारा कोण आणि हात न चालणारा कोण?

दुसरे उदाहरण आपल्या बाजूचे. आपली मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या ज्या हैदराबादेत राहिली, त्याच हैदराबादेत १९२७ साली अनीसुर रहमान जन्मले. त्यांनी १९६४ साली अमेरिकेत ८६४ अरगॉन अणूंचे आकडे संगणकात घालून द्रव कसा हलतो ते दाखवले. ८६४! आमच्या खात्याच्या पगारपत्रकात याहून जास्त नावे असतील. पण त्या ८६४ अणूंनी खऱ्या द्रवासारखे वागून दाखवले, आणि द्रवांचा अभ्यास करण्याची एक नवी वाटच उघडली. आज अमेरिकन फिजिकल सोसायटी या क्षेत्रातला आपला पुरस्कार रहमान यांच्या नावाने देते. आमच्या मुलीला ज्या वाटेने जायचे आहे ती या हैदराबादी माणसाने पाडलेली आहे. हे घरात कोणालाच माहीत नव्हते. प्राध्यापकांनाही माहीत नसावे, नाहीतर त्यांनी सांगितले असते असे मी समजते.

या विषयाकडे ‘खालचे काम’ म्हणून पाहण्याची खोड नवी नाही, आणि तिची किंमत बायकांनी अधिक मोजली आहे. १९५३ ते १९५५ या काळात लॉस अलामॉस येथे फर्मी, पास्ता आणि उलाम यांनी स्प्रिंगने जोडलेल्या वस्तुमानांच्या साखळीचे गणित संगणकावर चालवले. अपेक्षा अशी की एका लयीत दिलेली ऊर्जा हळूहळू सगळ्या लयींत वाटली जाईल. झाले उलटेच. ऊर्जा थोडी फिरून पुन्हा जवळजवळ मूळ ठिकाणी परतली. त्या आश्चर्यातून भौतिकशास्त्राची एक नवी शाखा पुढे वाढली. त्या गणिताचा प्रोग्रॅम लिहिला आणि चालवला मेरी त्सिंगू यांनी. त्यांच्या वाट्याला आली अहवालातली एक आभाराची तळटीप. २००८ साली यावर लेख आला तेव्हा कुठे त्या प्रश्नाच्या नावात त्यांचे नाव जोडण्याची प्रथा सुरू झाली. १९५३ च्या ज्या पद्धतीला सारे जग ‘मेट्रोपोलिस’ म्हणून ओळखते, तिचा प्रोग्रॅमही अरियाना रोझेनब्लुथ यांनी लिहिला होता. ‘कारकुनी’ म्हटले की श्रेय द्यायची गरज उरत नाही, ही त्या शब्दाची खरी सोय आहे. सरकारी कचेरीत टिपणी कोण लिहितो आणि सही कोणाची असते, हे ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळे समजावायला नको.

आता थोडे घरचे. आपण गोवेकर कोसंबींचे नाव मोठ्या अभिमानाने घेतो. दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ साली गोव्यात कोसबें येथे जन्मले, त्यांच्या नावाने पणजीत विचारमहोत्सव भरतो, आपण रांगा लावून व्याख्याने ऐकतो. पण आपल्याला आठवतात ते इतिहासकार कोसंबी. गणिती कोसंबींनी १९४३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. गुंतागुंतीच्या, वेड्यावाकड्या बदलत्या राशीतून तिचे मुख्य मुख्य आकार कसे वेगळे काढायचे, याची ती रीत. कारहुनेन आणि लोएव्ह या दोघांनीही ती स्वतंत्रपणे मांडली, म्हणून आज ती तिघांच्या नावाने ओळखली जाते. संगणकातून निघालेल्या आकड्यांच्या डोंगरातून अर्थ काढताना प्रवाहांचा, हवेचा, समुद्राचा अभ्यास करणारे आजही तीच रीत वापरतात. म्हणजे ज्या विषयाला आपण नाके मुरडतो, त्याच्या पायाचा एक चिरा गोव्याचा आहे. महोत्सव भरवायचा आणि मुलीला त्याच वाटेवरून परत फिरवायचे, याला काय म्हणावे?

आणि मांडवी? पणजीला फेरीबोटीची वाट पाहत उभे राहणाऱ्या प्रत्येकाने भरती-ओहोटी पाहिली आहे. समुद्राची भरती नदीत वर वर जाताना हळूहळू मंदावत जावी, असे आपल्याला वाटते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या डॉ. सतीश शेट्ये, डॉ. उन्नीकृष्णन आदींनी १९९० च्या दशकात मांडवी आणि जुवारीत मोजमापे घेतली. तेव्हा दिसले की सुमारे ४० किलोमीटरपर्यंत भरतीची उंची जवळजवळ तेवढीच राहते आणि मग थोड्या अंतरात झपाट्याने कोसळते. असे का? नदीचे पात्र वर अरुंद होत जाते, ते भरतीला दाबून उंच करते, तर तळाचे घर्षण तिची शक्ती खाते. दोन्ही एकमेकांना कापतात. हे नुसते बोलून चालत नाही, मांडवी, जुवारी आणि त्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा मिळून जे जाळे होते त्याची समीकरणे संगणकावर सोडवून आकडे मोजमापाशी ताडून पाहावे लागतात. ते त्यांनी केले. दोना पावलाला. आपल्या अंगणात. खाजन शेताच्या बांधावर खारे पाणी कुठवर चढेल, या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर अशाच गणनेतून जावे लागते. ही कारकुनी असेल तर मला तिचा अभिमान आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर माझी वकिली एकतर्फी होईल. संगणक खोटे बोलू शकतो. म्हणजे तो स्वतःहून बोलत नाही, पण त्याला जे दिले तेच तो मोठ्या रुबाबात परत देतो, आणि छापील आकडा दिसला की माणूस मान तुकवतो. अतिशीत पाण्याच्या वागणुकीवर बर्कली आणि प्रिन्स्टन येथील दोन नामवंत गटांत २०११ पासून सात वर्षे भांडण चालले. दोघेही संगणकावर तेच पाणी थंड करत होते आणि उत्तरे वेगळी येत होती. शेवटी २०१८ साली कळले की एका गटाच्या प्रोग्रॅममध्ये रेणूंना सुरुवातीचा वेग देण्याच्या पद्धतीतच खोट होती. प्रोग्रॅम लवकर उघड केला असता तर सात वर्षे वाचली असती.

पण यावरून काय सिद्ध होते? गणना निरुपयोगी आहे हे? मुळीच नाही. सिद्ध होते ते हे की गणनेला लेखापरीक्षण लागते. आणि हे काम या क्षेत्राने मनावर घेतले आहे. २०१६ साली जगभरच्या गटांनी मिळून पदार्थांच्या गणनेच्या ४० पद्धती ७१ मूलद्रव्यांवर एकमेकींशी ताडून पाहिल्या. आधुनिक पद्धतींची उत्तरे एकमेकींशी उत्तम जुळली. आमच्याकडे रोखवही आणि कोषागाराचा हिशेब जुळवतात ना, अगदी तसे. वही पैशाच्या फरकासाठी रात्री आठपर्यंत कचेरीत बसलेल्या माणसाला कळते की ताळमेळ घालणे हे बिनडोक काम नाही. जुळणारा आकडा कुठे संशयास्पद आहे हे ओळखणे तर त्याहून अवघड.

आता भावोजींचा मुद्दा. “आयटीत नोकरी तरी मिळेल.” मिळेलही. पण नोकरीसाठी प्रोग्रॅमिंग शिकायचे तर त्याला एवढा लांबचा वळसा कशाला? पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे जातात. राष्ट्रीय पातळीची शिष्यवृत्ती २०२३ पासून पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये आहे, घरभाडे भत्ता वेगळा. उपाशी मारणारी नाही, पण त्याच वयाच्या मैत्रिणी तोवर पगार, मोटार आणि फ्लॅट यांच्या गोष्टी करू लागतात. पुढे प्राध्यापकाच्या जागा थोड्या, उमेदवार फार. हे सारे तिला आधी कळायला हवे. या खडतर वाटेवर माणूस टिकतो तो प्रश्नाच्या ओढीने. ‘नाही जमले तर’ या वाक्याने सुरू केलेला अभ्यास तिसऱ्या वर्षी नक्की जमेनासा होतो. मुलीला घाटाखाली उतरताना ब्रेक द्यावा, पण ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी चालव असे सांगू नये. आपल्या गोव्यात तर सरकारी नोकरी मिळेपर्यंतचे सगळे शिक्षण म्हणजे प्रतीक्षागृह! त्या प्रतीक्षागृहातून मी आत आले, टेबल मिळाले, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण ज्या मुलीला गाडी कुठे जाते ते ठाऊक आहे, तिला आपण बाकावर का बसवून ठेवावे?

राहिला एआयचा मुद्दा. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल प्रथिनांची रचना ओळखणाऱ्या कामाला गेले आणि सगळे म्हणू लागले, झाले, आता माणूस संपला. पण तो प्रोग्रॅम शिकला कशावर? प्रयोगशाळांतून दशकानुदशके कष्टाने मिळवून जमा केलेल्या हजारो प्रथिनांच्या रचनांवर. अणूंमधील बले ओळखणाऱ्या आजच्या ‘शिकवलेल्या’ पद्धतींनाही धडे द्यावे लागतात ते मूळ क्वांटम गणनेचेच. शिष्य हुशार आहे, मान्य, पण गुरू नको असे शिष्यही म्हणत नाही. आणि त्याने दिलेले उत्तर निसर्गाच्या नियमात बसते की नाही हे तपासायला नियम जाणणारे माणूस लागणारच. उलट अशा काळात आकड्याकडे संशयाने पाहायला शिकलेल्या माणसांची गरज वाढते.

मग निवड कशी करावी? मी मावशीच्या अधिकारात तिला जे सांगितले ते इथेही लिहिते, आणखी कोणाच्या घरी उपयोगी पडेल. आधी प्रश्न निवड, पद्धत मागाहून. ‘मला सिम्युलेशन करायचे आहे’ हे उत्तर नव्हे, ‘काच का थिजते ते मला कळायला हवे’ हे उत्तर. मार्गदर्शकाला भेटशील तेव्हा विचार, तुमच्याकडे विद्यार्थी प्रोग्रॅम स्वतः लिहितात की नुसते चालवतात? तयार पुडीच्या मसाल्यात शाकुती होते, आणि घाईत तीच करावी, पण एकदा तरी खोबरे स्वतः भाजून वाटल्याशिवाय काय कमी पडले ते कळत नाही. लॅम्प्स, ग्रोमॅक्स, क्वांटम एस्प्रेसो अशी उत्तम साधने आज फुकट आहेत. सत्तरीच्या किंवा काणकोणच्या मुलीला साध्या लॅपटॉपवर ती उतरवून घेता येतात. कोट्यवधींच्या प्रयोगशाळेची वाट न पाहता संशोधनाची चव घेता येईल असे क्षेत्र भौतिकशास्त्रात दुसरे क्वचितच असेल. मात्र मोठ्या कामाला मोठे संगणक लागतातच, तेव्हा गटाला ते किती आणि कसे मिळतात हेही विचार. गटातल्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठ. किती वर्षे लागली, सुटका झाल्यावर कुठे गेले, आणि पुन्हा इथेच येशील का, हे तीन प्रश्न पुरतात. उत्तर माहीत असलेल्या प्रश्नावर आधी प्रोग्रॅम चालवून पाहा. काळाची पावले निम्मी करून तेच उत्तर येते का ते पाहा. आणि कागद-पेन सोडू नको, कारण उत्तर साधारण केवढे यायला हवे हे आधी हाताने काढता आले नाही, तर यंत्राची चूक तुला कधीच पकडता येणार नाही.

अर्ज भरायचे दिवस जवळ आले आहेत. घरोघरी अशी एखादी मुलगी, एखादा मुलगा असेल. त्यांना प्रश्न विचारा, पैशाचा हिशेब सांगा, जागा किती थोड्या आहेत तेही सांगा. पण ज्या कामाची आपल्याला ओळख नाही त्याला हलके नाव ठेवून त्यांचा रस्ता अडवू नका. आणि तरीही शिवीच द्यायची झाली, तर कृपा करून दुसरी एखादी शोधा. ‘कारकुनी’ हा शब्द आम्हांला हवा आहे. सिकदारांचा आहे तो, त्सिंगूबाईंचा आहे, आणि थोडासा माझाही.